कुंकवाच्या कोंबड्या

।। श्री ।।

दिघोरी,
ता. १६ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. हर्षा हिस,
चंद्रकांतावहिनीचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला म्हणून रुसू नकोस. घरात फोन एकच, तो दिवसभर तुझ्या दादाच्या खिशात शेतावर असतो, आणि घरी आला की आई खाटेवरून हात पुढे करून बसतात. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल मी काय बोलणार? तुझं लग्न होऊन तू तुमसरला गेलीस तेव्हापासून आपली पत्रं चालू आहेत, तेच बरं आहे.

भारी धानाची कापणी सुरू झाली. सकाळी स्वयंपाक उरकून, आईंना अंघोळ घालून, त्यांच्या गुडघ्याला तेल चोळून मी शेतात बांधीवर जाते. दुपारी त्यांना वाढायला येते, पुन्हा जाते. श्रावणात विहिरीपाशी घसरल्या तेव्हापासून हेच चाललंय. हाड जुळलं, आता चालू द्या, असं डॉक्टर कधीचे म्हणाले. पण पाय खाली टेकवला की घेरी येते म्हणून त्या खाट सोडत नाहीत.

आणि आता कोंबड्या. तुला माहीतच आहे, आईंनी आयुष्यात मला खुराड्याला हात लावू दिला नाही. सुनेच्या हाताला कोंबडी बुजते म्हणायच्या. आता सगळ्या माझ्या गळ्यात पडल्या आहेत. सोळा आहेत आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही. गावठी लाल आहेत, कबऱ्या आहेत, बोडक्या मानेच्या दोन, गेल्या साली गावात वाटल्या त्या तपकिरी, आणि एक काळी, जिचं वय आईंनाच ठाऊक. खातात सगळ्या सारख्या. कण्यांचं टोपलं बघता बघता रिकामं होतं. अंगणभर पिसं उडतात, ती झाडायची मी. आणि अंडी म्हणशील तर एवढ्या कळपात कधी चार, कधी तीन. रोज संध्याकाळी आई अंडी विचारतात, मी आकडा सांगते, आणि त्या तोंड फिरवतात. जणू मीच उकडून खाल्ली.

आता मंडईची जत्रा तोंडावर आली. गावात दंडार आहे, नाटक आहे, म्हणजे तुझ्या काकांकडचे सगळे पाहुणे आपल्याकडे. तुझा दादा म्हणतो की ज्या अंडी देत नाहीत त्या पाहुण्यांसाठी कापू, उरतील त्या लाखांदूरच्या बाजारात नेऊ, माझ्या मागचं तेवढं काम कमी होईल. बोलायला सोपं आहे. पण देत नाहीत त्या कोणत्या? आईंना विचारलं तर म्हणतात, साऱ्याच देतात, तुले दिसत नाहीत. तू या घरात वाढलीस. त्या कशा ओळखायच्या ते तुला आठवतं का? नीट लिही.

आणखी एक लिहिते, मनात ठेवून काय करू. हर्षा, मी थकले गं. कशावर राग नाही, कोणाशी भांडण नाही, नुसती थकले आहे. सकाळी उठताना पहिला विचार येतो तो परत आडवं कधी होता येईल याचा. दोन महिने आईंना तुझ्याकडे नेशील का? एवढी कापणी आणि मळणीचा चुरणा निघून जाऊ दे. माझी सासू म्हणून नाही, तुझी आई म्हणून विचारते.

कमलेशरावांना नमस्कार. आहेस तशीच माझ्यावर माया करत राहा.

तुझी,
चंद्रकांतावहिनी

---

तुमसर,
ता. २१ नोव्हेंबर २०२३

ती. सौ. वहिनीस,
हर्षाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुम्ही खुराड्यासमोर कंबरेवर हात देऊन उभ्या आहात आणि सोळा कोंबड्या तुमच्याकडे मान वाकडी करून बघताहेत, हे डोळ्यांपुढे आलं आणि मी एकटीच हसले. हसले म्हणून रागावू नका.

आईची पद्धत मला चांगली आठवते, कारण लहानपणी माझी झोप तिच्यामुळेच मोडायची. ती उजाडताना खुराड्याचं दार थोडंसंच उघडायची, एकीला बाहेर काढायची, डाव्या काखेत धरायची आणि शेपटाखाली बोटांनी चाचपायची. तिथे दोन बारीक हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज बसली, खालचं पोट मऊ लागलं, तर ती अंड्यावर, म्हणजे देणारी आहे. एकच बोट कसंबसं बसलं आणि पोट कडक लागलं, तर नाही. आजच देणार असेल तर आत अंडंच हाताला लागतं. तिला आई टोपल्याखाली झाकून ठेवायची, म्हणजे दुसऱ्याच्या वाडीत जाऊन अंडं घालायला नको. तुरासुद्धा बघा. देणारीचा तुरा लालभडक आणि गरम असतो, न देणारीचा फिका आणि आक्रसलेला.

एका दिवसावर जाऊ नका. चार-पाच सकाळी चाचपा. आणि खूण करून ठेवा, नाहीतर त्या लाल लाल सगळ्या सारख्याच दिसतात, कालची कोणती आणि आजची कोणती कळणार नाही. वाळल्या तणसाच्या ढिगातही हात घालून बघा. आईची एक कबरी नेहमी तिथेच लपून घालायची.

मंडईला मला जमत नाही. धानाच्या मिलचा सीझन आहे, यांना एक दिवसाची सुट्टी नाही. ट्रकांची रांग पार रस्त्यापर्यंत लागते आणि हे घरी येतात तेव्हा भुशाने पांढरे झालेले असतात.

आईचं तुम्ही लिहिलंत. वहिनी, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही आमची जागा पाहिली आहे. दोन खोल्या, त्याही माडीवर, आणि जिना असा उभा की मीच कठड्याला धरून चढते. आईला वर चढवायचं कसं, आणि चढवली तर ती दिवसभर बसणार कुठे? तिला अंगण लागतं. इथे अंगण म्हणजे समोरच्यांची भिंत. सीझन संपू द्या, मग बघू. तोपर्यंत तुम्हीच तिला सांभाळा. तुमच्याइतकं तिचं दुसरं कोणी करणार नाही.

दादाला सांगा, मंडईत रात्रभर नाटक बघून दुसऱ्या दिवशी बांधीवर झोपू नको. धाकटीवर लोभ आहे, तो कमी करू नका.

तुमची,
हर्षा

---

दिघोरी,
ता. २ डिसेंबर २०२३

चि. सौ. हर्षा हिस अ. उ. आ. वि. वि.

सीझन संपू दे, मग बघू. बरं. वाचलं आणि पत्र डब्यात ठेवून दिलं. तुमचा सीझन संपला की आमचं उन्हाळी धान सुरू होतं, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

कोंबड्यांचं मात्र तू सांगितलंस तसंच केलं. पहिल्या दिवशी मी कोंबडीला धरलं की तिने मला धरलं, सांगता येत नाही. बोडक्या मानेच्या एकीने हातावर असा ओरखडा काढला की दोन दिवस भांडी घासताना झोंबत होतं. पण हात बसला. तिसऱ्या दिवसापासून डोळे मिटूनही कळायला लागलं. ती दोन हाडं अगदी तू लिहिलीस तशीच लागतात. तणसातही हात घातला. तिथे सहा अंडी निघाली, त्यातली चार सडकी होती.

चार-पाच सकाळी चाचपून माझा हिशोब पक्का झाला. अकरा अंड्यावर होत्या, कोणी आडदिवशी तर कोणी तीन-चार दिवसांनी. पाच काहीच देत नव्हत्या. काळी, दोन लाल, एक कबरी आणि एक तपकिरी. त्यांचे तुरे फिके आणि हाडं अगदी जवळ जवळ. आता खूण करायची राहिली. पायाला दोरा बांधला तर एकमेकींनी टोचून सोडवला. चुना लावला तर धुळीत लोळून आल्या. हाताशी काही नव्हतं, म्हणून देवळीतलं कुंकू तेलात कालवलं आणि त्या पाचजणींच्या डोक्यावर आणि मानेवर चांगलं फासलं. म्हटलं, आता धुतलं तरी जाणार नाही.

एवढी वर्षं या गावात राहून माझ्या डोक्यात आलं नाही बघ. थकलेल्या माणसाचं डोकंही थकतं. मी पाचजणींना अंगणात सोडलं आणि चूल पेटवायला गेले. तेवढ्यात खाटेवरून आईंनी मोठ्याने हाक मारली. मला नाही, शेजारच्या रुखमाला. रुखमा आली, तिच्यामागे उषाबाई आली, अर्धी गल्ली जमली. आणि आई सगळ्यांना सांगू लागल्या की पहा, माह्या सुनेनं माह्या पायासाठी मातामायले पाच कोंबड्या बोलल्या, कुंकू लावून सोडल्या, मले एका शब्दानं सांगितलं नाही. डोळ्यांतून धार लागली होती त्यांच्या. मला जवळ बोलावलं आणि डोक्यावर हात ठेवला. लग्नात ठेवला असेल तेवढाच, त्यानंतर हाच.

मी हातात फुंकणी धरून उभी राहिले. रुखमा म्हणाली, अशी सून मिळायला नशीब लागतं. उषाबाईने तर मला नमस्कारच केला. हर्षा, मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. त्याच सकाळी कोंबडी चाचपताना माझ्या मनात चाललं होतं की आई तुमसरला गेल्या तर मी सलग तीन दिवस झोपेन.

पुढचं तू ओळखलं असशील. देवीच्या नावाने कुंकू लागलेली कोंबडी विकता येत नाही, पाहुण्यांना कापता येत नाही, कोणाला देता येत नाही. आई चालत मातामायच्या देवळापर्यंत जातील त्या दिवशी नवस फिटेल, तोपर्यंत त्या पाचजणी घरच्या जावयासारख्या खाणार. मंडईला पाहुणे आलेच. तुझा दादा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. शेवटी अंड्यावरच्या दोन कापल्या. एकीच्या पोटात पिवळे बलकच बलक निघाले, लहानमोठे, माळेसारखे. ते साफ करताना मला रडू आलं. कोंबडीसाठी आलं की आणखी कशासाठी, ते मलाच कळलं नाही.

एक मात्र खरं, त्या दिवसापासून आई दोन घास जास्त खातात. परवा काठी मागितली. मला बाई म्हणून हाक मारतात. आणि मी त्यांच्या डोळ्याला डोळा देऊ शकत नाही. खरं सांगून टाकू का? की असंच चालू देऊ? आणि मी जे पहिल्या पत्रात मागितलं होतं ते पुन्हा मागते. हट्ट म्हणून नाही. माझ्याने आता खरंच होत नाही.

तुम्हा दोघांना आशीर्वाद. चुकलंमाकलं पोटात घाल.

तुझी,
चंद्रकांतावहिनी

---

तुमसर,
ता. ८ डिसेंबर २०२३

ती. सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

पत्र अर्ध्यापर्यंत वाचलं तेव्हा इतकी हसले की खालच्या काकू विचारायला वर आल्या. मग पुढचं वाचलं आणि काकूंना खोटंच काहीतरी सांगून खाली पाठवलं. नवस बोलून गल्लीत नाव कमावलेली वहिनी फुंकणी धरून उभी आहे, आणि मी इथे जिन्याच्या पायऱ्यांची कारणं लिहून पाठवते. मला माझीच लाज वाटली.

यांच्याशी बोलले. ते म्हणाले, एवढं होतं तर आधी का नाही सांगितलंस. खाली मालकांची पडवी रिकामी आहे, ती दोन महिन्यांसाठी मागून घेतली. तिथे आईची खाट बसते, समोर थोडी ऊनसावली येते. जिन्याचा प्रश्नच मिटला. बघायला गेलं तर तो आधीही मिटला असता.

तर येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी, सतरा तारखेला, यांच्या मित्राची गाडी घेऊन मी येते आणि आईला घेऊन जाते. तुम्ही तिला आत्ताच काही बोलू नका, मी आल्यावर सांगेन. माझ्यावर चिडू दे, तुमच्यावर नको. दादाला फोनवर सांगितलं आहे आणि तोंड बंद ठेवायला बजावलं आहे.

कुंकवाचंही खरं सांगू नका. तिला वाटतंय ते वाटू द्या. तिच्यासाठी कोणी नवस बोलेल, असं तिला कधी वाटलं नसेल.

आता थोडेच दिवस कळ काढा. लोभात मला धरून ठेवा.

तुमची,
हर्षा

---

दिघोरी,
ता. १३ डिसेंबर २०२३

सौ. हर्षाताईस, शेजारच्या रुखमा अंगणवाडीवालीचा सप्रेम नमस्कार. बेबीबाईकाकूंनी पत्र सांगितलं, मी लिहिते आहे. चंद्रकांतावहिनी बांधीवर गेल्या आहेत. काकूंची ताकीद आहे की जसं बोलली तसंच लिही, सुधारू नको. गल्लीतले जागेश्वरभाऊ धानाची गाडी घेऊन तुमसरला निघाले आहेत, त्यांच्या हाती पाठवते.

चि. हर्षीले तुया मायचा लई लई आशीर्वाद.

तू रविवारी गाडी घेऊन मले न्याले येऊन राहिली, हे तुया दादानं सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही, तुले मालूमच आहे. मी रागावली नाही. लेक मायले नेतो म्हणते, याच्यात राग कायचा?

पण पहिले कोंबड्यायचं ऐक. तुया वहिनीनं कुंकू नवसासाठी नाही लावलं, हे मले त्याच घडीले समजलं. सारा जन्म कोंबड्या पाळल्या वं म्या. नवस बोलणारी बाई देवीले अंड्यावरची चांगली कोंबडी देते, पिसं झडलेल्या पाच नाही देत. ते सकाळी सकाळी एकेकीले काखेत घेऊन चाचपून राहिली होती, मी खाटेवरून पायत होती. तिचा हात बरोबर होता. दिवस बरोबर नव्हते. दिवाळीच्या सुमाराले कोंबडी जुनी पिसं झाडते, तवा ते अंडं देत नाही. नवी पिसं आली का पुन्हा देते. एक काळी गेली कामातून, तिचं सोड. बाकीच्या चारी संक्रांतीपर्यंत अंड्यावर येतीन.

हे मी तिले सांगाले पायजे होतं. नाही सांगितलं. काहून, तर मले भेव लागलं. म्हटलं, आज अंडं न देणारी जाते, उद्या काम न करणारी जाईन. म्हणून गल्ली जमा केली अन् नवस आहे म्हणून सांगत सुटली. मातामायच्या कोंबडीले कोण हात लावते? डोळ्यात पाणी आलं ते मात्र खोटं नव्हतं. भेवाचं होतं.

तिनं काय केलं? अंड्यावरच्या दोन कापल्या अन् पाहुण्यायले जेवू घातलं. नवस-बिवस काही नाही, हे तिले गल्लीत म्हणता आलं असतं. नाही म्हटलं. म्हातारीले चार बायकात खोटं पाडलं नाही तिनं.

तवापासून मी तिलेच पाहून राहिली. पहिले कधी पाहिलंच नव्हतं असं समज. भाकर थापता थापता तिचा डोळा लागते. भाकर जळते, अन् ते जळकी तीच खाते. मले आंग धुवून देते, पाठीवर पाणी घालते, अन् मग तांब्या हातात धरून तशीच उभी राहते. कुठं हरवते मालूम नाही. मी थंडी वाजली तरी थांबून राहतो. तिचे मायबाप गेले, भावानं वावर विकलं अन् नागपूर धरलं. दिवाळी झाली, तीज झाली, तुले न्याले तुया दादा जाते. तिले न्याले कोण येते? इतक्या सालात हे माह्या ध्यानात नाही आलं.

म्हणून मले नेऊ नको. तुयी पडवी चांगली असन, पण मले माही खाट बरी आहे. काठी घेऊन मी आता खुराड्यापर्यंत जातो. घेरीबिरी काही येत नाही. तुया दादा धनीराम भात शिजवन, नाही जमला तर शिकन. रुखमा बाजूलेच आहे. कुंकवाची गोष्ट मले समजली, हे तुया वहिनीले सांगू नको, रुखमालेबी मी शपथ घातली आहे. गल्लीत तिच्या नावाचं चांगलं बोलून राहिले लोक. बोलू दे.

गाडी मात्र आणजो. रिकामी वापस नेऊ नको, तिले बसव. महिनाभर ठेव, त्याच्या आंधी धाडशील तर मी तुयासंग बोलणार नाही. ते नाही म्हणन, आईचं कसं होईन म्हणन, चुरणा बाकी आहे म्हणन. तिचं ऐकू नको, मायचा हुकूम आहे म्हणून सांग. तिकडं तिले कोणतंच काम सांगू नको, चहासुद्धा तूच करून दे. गाडीत मांगच्या सीटवर गोधडी टाकून आणजो. गाव सुटाच्या आंधी झोपन ते.

जावयाले आशीर्वाद. माह्यावर जीव लावते, तसाच तिच्यावर लाव.

तुयी माय,
बेबीबाई